ब्रेकला वारा

शनिवार, ९ नोव्हेंबर

ब्रेकचं तेल उकळतं! साठीला टेकले, कपाटं भरून पुस्तकं वाचली, पण ही गोष्ट कुणी लिहून ठेवलेली मला सापडली नव्हती. काल ट्रॅकवर कळली. माझ्या मुलीची, लुलवाची गाडी सरळ पट्ट्याच्या शेवटी वळायचं सोडून वाळूत घुसली तेव्हा. मी कठड्याशी उभी राहून टाळ्या वाजवत होते. वाटलं, काय वेगात आहे पोरगी!

धूळ खाली बसली. लुलवा स्वतः दार उघडून बाहेर आली, हेल्मेट काढलं, टपावर हात ठेवून उभी राहिली. ओरखडाही नाही. अल्हम्दुलिल्लाह. खरं तर हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

"पाय दाबला, युम्मा, तर पेडल तळाला गेलं." एवढंच म्हणाली. मग पाणी मागितलं.

बाकीचं सबीकाने समजावलं. सबीका म्हणजे दातांची डॉक्टर. आठवडाभर दाढा उपटते, शुक्रवारी ट्रॅकवर पुरुषांची झोप उडवते. "उम्म लुलवा, ब्रेकच्या तबकड्या लालबुंद झाल्या, ती उष्णता तेलात उतरली, तेल उकळलं, त्यात बुडबुडे झाले. मग पायाखाली बुडबुडाच दाबला जातो, ब्रेक लागतच नाही. वारा हवा त्यांना. पुढच्या बंपरमधून नळ्या घालायच्या, थेट तबकड्यांपर्यंत."

तापलेल्यांना वारा घालणं हे बायकांचं काम, असं माझा भाऊ नेहमी सांगतो. चला, घालू या!

कारण दहा जानेवारीला खुला दिवस आहे. बायकांचा वेगळा शुक्रवार नाही, गोडगोड गुलाबी फलक नाहीत. पुरुषांच्या बरोबरीने, वेगवान गटात. लुलवाचं नाव मी दिलं आहे. आणि त्या गटात पेडल तळाला गेलं तर... कालच्या वळणावर निदान वाळू होती. त्याच्या पुढच्या वळणावर भिंत आहे.

नळ्या बसल्याच पाहिजेत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

भावाकडे जेवण. त्याची, बू मशारीची, दिवानिया, म्हणजे पुरुषांची बैठक, भरलेली होती. पुरुष मंडळी कॉफी पीत देश सुधारत होती. गेली पन्नास वर्षं सुधारताहेत, कॉफी तेवढी सुधारली आहे. मग तो आत आमच्यात येऊन बसला, माशाचा मचबूस भात पुढे ओढला आणि म्हणाला, "मूधी, ऐकलं मी. आता तरी विक ती गाडी. दुएज गेला, त्याची हौस त्याच्याबरोबर गेली."

"दुएजची हौस त्याच्या मुलीकडे गेली."

"मुलीकडे गेली की तू ढकललीस?"

"ब्रेकमध्ये दोष आहे, बू मशारी. माणसात नाही. वाऱ्याची सोय करतो आहोत."

त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "ब्रेकला काही झालेलं नाही गं. पोरगी घाबरते."

झालं! पोरगी घाबरते! आम्ही मताचा हक्क मागत होतो तेव्हाही हेच. बायका मतपेटीला घाबरतील. बायका गर्दीला घाबरतील. मी तिथेच, हातात भाताचा घास असताना, सगळं काढलं. भीती कुणी जन्मतः घेऊन येत नाही, ती शिकवली जाते, आणि शिकवणारे असे मचबूस खात बसलेले असतात. वहिनीने फळांची परात मध्ये ठेवली तेव्हा कुठे थांबले. भाऊ म्हणाला, "सभा संपली का? संत्रं घे."

लुलवा सगळा वेळ माझ्या शेजारीच होती. परतताना गाडीत विचारलं, "कसं दिलं उत्तर?" म्हणाली, "तू नेहमीच छान बोलतेस, युम्मा."

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शुवैखच्या बाजारात गाड्यांच्या सामानाची तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्यात एक गृहस्थ भेटले. दाढी कोरलेली, बोटात गाड्यांच्या किल्ल्या, बोलणं थेट उमेदवाराचं. "मॅडम, वाऱ्यासाठी? एकदम बरोबर जागी आलात!" आणि काळीशार चकचकीत दोन तोंडं काउंटरवर ठेवली. जाळी काय, कड काय! मी हातात घेऊन मागून पाहिलं. मागे सपाट प्लास्टिक.

"भोक कुठे आहे?"

"भोक नसतं मॅडम याला. हे चिकटवायचं असतं. वारा गेल्यासारखा दिसतो."

वारा गेल्यासारखा दिसतो! माझ्या सबंध सार्वजनिक आयुष्यात एवढं प्रामाणिक वाक्य मी ऐकलेलं नाही. किती समित्यांवर काम केलं मी. सगळ्यांना असंच तोंड होतं आणि मागे सपाट प्लास्टिक. मी तसं त्यांना सांगितलं. लांबूनच ऐकणारे दोघे हसले. गृहस्थांनी सूट देऊ केली.

लुलवा बाहेर गाडीत बसून होती. विचारलं, "मिळालं नाही ना?" काळजीत दिसली बिचारी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

भावाचा फोन. एसीचा चंदेरी पाइप वापर म्हणे, त्याच्या गच्चीवर पडून आहे. कबुतरांनी त्यात घर केलं आहे हे सांगायला विसरला.

रविवार, १७ नोव्हेंबर

सबीकाने नळ्यांचं सामान इंग्लंडहून मागवलं. तिथली माणसं म्हणे पावसात, चिखलात, थंडीत कुडकुडत ट्रॅकवर जातात आणि तरी ब्रेकला वारा घालतात. थंड देशातल्या लोकांनी गार करण्याची यंत्रं शोधावीत आणि आम्ही भट्टीत राहणाऱ्यांनी ती मागवावीत. यावर एक अख्खं भाषण होईल.

लुलवा विचारते, "यायला उशीर झाला तर?"

"होणार नाही."

"पण झाला तर ट्रॅकवरचा डिसेंबरचा शुक्रवार चुकेल ना?"

काय तळमळ आहे! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उशीर होऊच देणार नाही मी."

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आलं! खोकं उघडलं तर आत नारिंगी रंगाची नळी, अजगराच्या पिल्लासारखी वेटोळं घालून.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज दिवसभर अंगणात. पाठ मोडली आहे, नखांत काळं गेलं आहे आणि मी फार खुश आहे.

सबीका सकाळीच आली, थर्मासभर दुधाचा चहा आणि केशराचा केक घेऊन. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, पुढची दोन्ही चाकं काढली. दुएज असता तर खुर्ची टाकून बसला असता आणि प्रत्येक पाना चुकीचा आहे म्हणून सांगितलं असतं. तो गेला तेव्हा शोकाला जमलेल्या माणसांसमोर बू मशारीने गाडी विकायचा विषय काढला होता. मी उठले आणि सगळ्यांदेखत किल्ली लुलवाच्या तळहातावर ठेवली. "ही चालवील!" कसे गप्प झाले होते सगळे! लुलवासुद्धा.

बंपरमधले फॉग लॅम्प काढून त्या जागी नळीची तोंडं बसवायची होती. वाळवंटात धुकं कापायचे दिवे! बसवणाऱ्याची आशा मोठी होती. ते दिवे निघाले. मग नळी चाकाच्या पोकळीतून आत न्यायची आणि तबकडीमागचा पत्रा कापून तिथे तिचं दुसरं टोक जोडायचं.

इथे मी अक्कल पाजळली. नळीचं तोंड सरळ तबकडीच्या सपाट अंगावर रोखलं. तापतं तिथे वारा, यात कसला विचार करायचा?

"अहो उम्म लुलवा, असं केलंत तर एक अंग गार, एक अंग गरम, आणि तबकडीला तडा! वारा मधोमध सोडायचा. तबकडी आतून पोकळ असते, फिरताना ती वारा आत ओढून घेते आणि कडेने बाहेर फेकते. मधून द्या, ती स्वतः वाटून घेईल."

बाहेरून फुंकर मारून उपयोग नाही, मधून गेलं पाहिजे. मी हे तत्त्व म्हणून लगेच मनात टिपून ठेवलं, भाषणाला होईल. सबीका म्हणाली, "तत्त्व नंतर, आधी तो रिव्हेट पकडा."

पण आज खरी उस्ताद निघाली लुलवा. पत्रा तिनेच कापला, कड तिनेच घासली. सुरेख गोल. पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या नळ्या हाताळते, तो सराव. क्लॅम्प आवळताना गुणगुणत होती. गालाला ग्रीस. किती महिन्यांनी तिला असं हसताना पाहिलं! गाडीची चाकं काढलेली असली की ही मुलगी वेगळीच होते.

"अशी उभी असली ना, की मला फार आवडते ही," बंपरवर हात फिरवत म्हणाली.

"ट्रॅकवर आणखी आवडेल!" मी म्हटलं. तिने क्लॅम्प आणखी एक पीळ आवळला.

चहा पिताना सबीका तिच्या धुंदीत सांगत होती, "माझे ब्रेक कमी का तापतात माहीत आहे? मी पार शेवटी दाबते, जोरात दाबते आणि सोडून देते. लोक भितात मला. पण खरे तापतात ते लांबूनच हळूहळू दाबून धरणाऱ्यांचे. त्यांना वाटतं आपण जपून चालवतो. तबकडी बिचारी सबंध पट्टाभर घासत राहते."

लुलवा केकचा तुकडा खाली ठेवून हात धुवायला गेली. मी सबीकाला म्हटलं, "जपून वागणाऱ्यांनीच या देशाचं वाटोळं केलं आहे." ती म्हणाली, "मी ब्रेकबद्दल बोलत होते हो."

शेवटी तबकडीच्या कडेला तीन रंगांचे ठिपके दिले: हिरवा, नारिंगी, लाल. ज्या त्या उष्णतेला एकेक पांढरा पडतो. हिरवा पडला तर ठीक, नारिंगी पडला तर सावध, लाल पडला तर तेल पुन्हा उकळणार. माणसांनाही असे ठिपके द्यायची सोय हवी होती.

रविवार, १ डिसेंबर

स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर नळी टायरला घासते! पुन्हा सगळं उघडलं. लुलवाने आनंदाने उघडलं. दोन तास आणखी गेले. नळी वर ओढून बांधली, आता दोन्हीकडे मोकळी.

गुरुवार, ५ डिसेंबर

महिला मंडळात व्याख्यान. विषय माझाच: 'भीती ही शिकवलेली गोष्ट आहे.' सभागृह गच्च. मंडळाच्या अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यात एवढा वेळ घेतला की मलाच माझा कंटाळा आला. मग मी उठले.

बोलले! अजून आवाज आहे तो आहे. मतपेटीपासून सुरुवात केली. वारा मधून सोडायचा असतो तेही आणलं, टाळ्या पडल्या. आणि शेवटी: "माझी मुलगी वाळूत गेली. लोक म्हणाले, आता घरी बसेल. ती घरी बसली नाही. तिने हातात पाना घेतला! दहा जानेवारीला ती पुरुषांच्या गटात उतरेल आणि जगाला दिसेल की आमच्या मुली ब्रेकवर पाय ठेवून जगत नाहीत!"

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या रांगेत लुलवा होती, बायका वळून वळून तिला पाहत होत्या. तीही उभी राहिली. टाळ्या वाजवत होती. एका म्हातारीने तिचे दोन्ही गाल धरून मुका घेतला, "वाघीण आहेस गं!"

नंतर प्रसाधनगृहात बराच वेळ होती. तोंडाला पाणी लावत होती. म्हणाली, उकडत होतं. डिसेंबरात! एसी पूर्ण चालू असताना! मंडळाने तो एसी दुरुस्त करायला हवा.

शनिवार, ७ डिसेंबर

धुळीचं वादळ. आकाश मेथीच्या पिठासारखं पिवळट. नळ्यांच्या तोंडांना फडकी कोंबली, वाळू जाऊ नये म्हणून. लुलवाने खिडकीतून पाहत विचारलं, "हे शुक्रवारपर्यंत टिकेल का?" मी म्हटलं, "छे, टिकू देतंय कोण!"

बू मशारीचा फोन. व्याख्यानाची बातमी दिवानियात पोचली आहे. "मूधी, तिला एकदा विचार तरी."

"काय विचारू?"

"जाऊ दे." आणि ठेवला. वाद घालायची हिंमत नाही, आणि नावं बायकांना!

शुक्रवार, १३ डिसेंबर

चाचणीचा दिवस.

सकाळी लुलवाने काही खाल्लं नाही. खेळाडू असंच करतात, हलकं पोट. फडकी काढली. मी स्वतः दोनदा पाहिलं. हवा स्वच्छ, थंड, देवाने जणू आपल्याच नळीने सोडलेली.

ट्रॅकवर पोचलो. नेहमीची मंडळी, नेहमीच्या घड्या घातलेल्या खुर्च्या, घरून आणलेल्या किटल्या. पहिल्या फेऱ्या गेल्या. गाडी आत आली. सबीकाने वाकून पाहिलं. हिरवा पांढरा, बाकी दोन जागच्या जागी. मी ओरडलेच! वारा पोचला! शुवैखच्या त्या गृहस्थांना फोन लावावासा वाटला.

दुसऱ्या वेळी मी कठड्याशी न थांबता पट्ट्याच्या शेवटच्या मनोऱ्यावर चढले. तिथून समोरून येणाऱ्याच नाही, पुढे निघून जाणाऱ्या गाड्याही दिसतात. आणि तिथेच ती गंमत दिसली. सबीकाची गाडी गेली. पार वळणाच्या तोंडाशी तिचे मागचे लाल दिवे लागले, एक क्षण, आणि विझले. दुसऱ्या दोघी गेल्या. थोडं आधी, पण तिथेच. मग लुलवा. ती गाडी अजून पट्ट्याच्या मध्यावर नाही, आणि दिवे लागलेले! जळताहेत, जळताहेत, वळणापर्यंत जळत आहेत. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीत त्याहूनही आधी.

मी खाली धावले. या वयात धावले. "दिव्याचं बटण बिघडलंय! ब्रेक न दाबताच दिवा लागतोय! त्या नळ्या बसवताना पेडलजवळची वायर ओढली गेली असणार."

सबीका हेल्मेट काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लुलवाची गाडी आत येत होती तिकडे. "पेडलजवळ आपण हातच लावला नव्हता, उम्म लुलवा."

गाडी थांबली. जळका, कडवट वास. सबीका वाकली. हिरवा पांढरा. नारिंगी पांढरा. लाल, तोही.

"एवढ्या वाऱ्यात?" मी विचारलं. "मग नळी बारीक पडली! आणखी जाड मागवू!"

सबीका उठून लुलवाच्या खिडकीकडे पाहू लागली. लुलवा स्टिअरिंगवर हात ठेवून आतच बसून होती, हेल्मेटची काच खाली. "पेडल मऊ लागायला लागलं, म्हणून आत आले," म्हणाली. आवाज काचेमागून येत होता. मी म्हटलं, "शाबास, वेळेवर आलीस. दोष सापडला आहे, बटणाचा आहे."

सबीका निघताना माझा हात धरून म्हणाली, "बटण तुम्ही स्वतः तपासा. दुसऱ्या कुणाला नका देऊ."

तपासते. उद्याच. दहा जानेवारीला अजून वेळ आहे.

शनिवार, १४ डिसेंबर

बटण शाबूत आहे. गुडघ्यांवर बसून हाताने पेडल दाबलं, मागे भिंतीवर लाल उजेड पडला. सोडलं, विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मान वळवली तर लुलवा अंगणाच्या दारात उभी. "तुला दिवा दिसला ना काल?" ती म्हणाली. "वाळूत गेले त्या दिवशीही असाच लागलेला होता, युम्मा. सगळ्या पट्टाभर. मला वाटायचं, कधीतरी दिसेल तुला."

मी पेडलवरचा हात काढला. तिथेच बसून ऐकत राहिले. ती दुपारपर्यंत बोलत होती.